बाईंना विचारा : मंगळावरची संकष्टी आणि 'संदर्भ हवा'

मागच्या अंकात संपादकांनी परस्पर जाहीर करून टाकलं की पुढच्या वेळी बाई पन्नास वर्षांचं भविष्य सांगणार, मला साधं विचारलं पण नाही. मी आयुष्यभर विज्ञान आणि भूगोल शिकवला, पत्रिका कधी उघडली नाही, पण पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा एवढा ढीग आलाय की आता पळून जायची सोय नाही. तेव्हा आधीच सांगते, जे होऊन गेलंय ते मी छातीठोक सांगीन, जे व्हायचंय ते सगळं माझ्या मनाचं, त्याच्या भरवशावर कुणी फ्लॅट बुक करू नका.

बाई, ओळखलंत का? १९८६ची सातवी ब. तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं की २००० साली शाळेची सहल चंद्रावर जाईल. मी त्याच दिवशी आईकडे पाच रुपये आगाऊ मागितले आणि मार खाल्ला. सहलीचं काय झालं? – तिसरा बाक, सध्या मुक्काम चाकण

ओळखलं. तिसऱ्या बाकावरचे सगळे असलेच होते.

अरे, सहल त्या वर्षी प्रतापगडाला गेली आणि तिथेही घाटात एसटी पंक्चर झाली, चंद्र कुठला घेऊन बसलास. पण माझा हिशोब काय होता ते ऐक तरी. १९६९च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला आणि १९७२च्या डिसेंबरपर्यंत बारा जण तिथे चालून आले, म्हणजे साडेतीन वर्षांत बारा, आता तूच त्रैराशिक मांड, २०००पर्यंत एक अख्खी तुकडी जायला हरकत होती का? त्रैराशिक बरोबर होतं रे. पुढे अमेरिकेची हौस फिटली आणि तेव्हापासून तिथे एकाही माणसाचं पाऊल पडलं नाही, हे त्रैराशिकात कुठे बसवायचं?

आणि चुकणारी मी एकटी नाही हं. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या पेपरने ९ ऑक्टोबर १९०३ला अग्रलेखात लिहिलं होतं की उडणारं यंत्र बनवायला माणसाला दहा लाख ते एक कोटी वर्षं लागतील, आणि १७ डिसेंबरला राइट बंधू उडाले. एकोणसत्तर दिवस! त्यांनी फार लांबचं सांगितलं, मी फार जवळचं सांगितलं. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी आपलं विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं ना, तेव्हा टीव्हीपुढे बसून मला आधी तुमचीच तुकडी आठवली. सहल नाही गेली पण सामान पोचलं म्हणायचं. पाच रुपयांचं बघू नंतर.

नातू म्हणतो मी अंतराळवीर होणार. होवो बापडा, पण डब्याला काय द्यायचं? दिवाळीत तो तिकडे वर असला तर फराळ पाठवता येईल का? – आजी, सांगली

आजी, या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे, बाकीचे नुसतेच रॉकेट रॉकेट करत बसलेत.

आधी वाईट बातमी देते. चिवडा नाही. चिवडा, शेव, चकली, भाजणीचं जे जे काही कुरकुरीत आहे ते सगळं बाद. वर अंतराळ स्थानकात वजन जाणवत नाही, त्यामुळे चुरा खाली पडत नाही, तो हवेत तरंगत राहतो आणि कुणाच्या डोळ्यात, नाकात नाहीतर यंत्राच्या जाळीत जाऊन बसतो. याच कारणाने तिथे मीठ आणि मिरपूडसुद्धा भुरभुरवत नाहीत, पातळ करून थेंबाथेंबाने घालतात. पावाचाही चुरा होतो म्हणून १९८०च्या दशकात एका मेक्सिकन अंतराळवीराने त्यांच्याकडच्या पोळ्या नेल्या, टॉर्टिया म्हणतात त्याला, आणि तेव्हापासून अमेरिकन लोक वर पोळ्याच खातात. म्हणजे ज्या पोळीला आपली पोरं नाकं मुरडतात ती अंतराळात पावाला हरवून बसलीय, हे नातवाला जरूर सांगा.

चांगली बातमी म्हणजे श्रीखंड चालेल. चिकट पदार्थ चमच्याला धरून राहतात, चमचा उलटा केला तरी पडत नाहीत. बेसनाचा लाडू मात्र एका घासात मावेल एवढाच वळा, दोन घासांचा केलात की चुऱ्याचा प्रश्न आलाच. आणि ठेचा द्याच द्या. वर गेलं की अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, सर्दी झाल्यासारखं नाक चोंदतं आणि जेवण अळणी लागतं, मग भलेभले झणझणीत सॉस मागतात. माझं भाकीत लिहून ठेवा, पन्नास वर्षांत तिथल्या सरकारी यादीत मिरचीचा ठेचा ट्यूबमधून जाणार, आणि वरच्या लेबलवर त्याला भलतंच इंग्रजी नाव असणार.

हे सगळं हवेतलं नाहीये हो. २०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा सोबत गाजर हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. आमरस! आणि तिथे त्यांनी मेथी आणि मुगाला मोड आणायचा प्रयोग पण केला. आता मोड आले म्हणजे उसळ किती लांब राहिली सांगा.

उडत्या गाड्या कधी येणार? – डोंबिवली, सकाळची ८.१२

येतील. आणि सोसायटीतलं पार्किंगचं भांडण गच्चीवर जाईल.

घरकामाला रोबो आले तर आमच्या मावशींचं काय होणार? – नोकरदार सून, नाशिक

काही होणार नाही. आमच्याकडे सुनेने फरशी पुसणारा चकतीसारखा रोबो आणलाय, तो रोज देवघराच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबतो आणि अपराधी माणसासारखा लाल दिवा लावून बसतो. आमच्या मावशी त्याला उचलतात, खालचा कचरा झाडतात, परत ठेवतात. पगार मावशींचाच वाढलाय.

आम्ही संकष्टी करतो. चंद्रावर वस्ती झाली तर उपवास कधी सोडायचा? आणि मंगळावर जन्मलेल्या मुलीला मंगळ असतो का? थट्टा नाही, खरंच विचारतेय. – एक सासूबाई, औंध

थट्टा कसली, मी या प्रश्नासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते, दुपारची झोप गेली.

चंद्रावरून चंद्रोदय दिसत नाही हे तर उघड आहे, तुम्ही त्याच्यावरच उभ्या. मग म्हटलं चला, पृथ्वी उगवली की सोडू. तर तेही नाही. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे त्या बाजूला उभं राहिलं तर पृथ्वी आकाशात खिळ्याला टांगल्यासारखी जवळपास एकाच जागी दिसते, ना उगवत ना मावळत, फक्त कला बदलतात. म्हणजे दर्शन चोवीस तास, उपवास धरायच्या आधीच सुटला. आणि पलीकडच्या बाजूला घर घेतलं असेल तर पृथ्वी कधीच दिसायची नाही, मग बसा उपाशी. त्यामुळे चंद्रावर फ्लॅट घेताना अलीकडची बाजू आहे का ते विचारूनच घ्या, पृथ्वी फेसिंगला भाव जास्त असणारच.

याच्यात अजून एक गंमत मला कागदावर सापडली. कला एकदम उलट्या असतात. आपल्याकडे पौर्णिमा तेव्हा तिथून पृथ्वीची अमावस्या. म्हणजे आपल्याकडे वद्य चतुर्थी, संकष्टी, त्या दिवशी चंद्रावरून बघितलं तर पृथ्वी शुद्ध चतुर्थीच्या कोरीसारखी, म्हणजे तिथे विनायकी! पंचांगवाल्यांना दोन पंचांगं काढावी लागतील आणि दोन्हीकडचे नातेवाईक एकमेकांना चुकीच्या दिवशी शुभेच्छा पाठवतील. ते आत्ताही पाठवतातच म्हणा.

मंगळावर मात्र तुमची चंगळ आहे. त्याला दोन चंद्र, फोबोस आणि डीमोस. फोबोस इतका जवळून आणि भराभर फिरतो, साडेसात-पावणेआठ तासांत एक चक्कर, की तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, साधारण अकरा तासांनी परत हजर. दिवसातून दोनदा चंद्रोदय, सकाळचा उपवास दुपारी सुटला. शिवाय दिसायला अगदी बटाट्यासारखा वेडावाकडा आहे, म्हणजे उपवासाला चालतो. डीमोसच्या नादी लागू नका, तो एकदा उगवला की अडीच दिवसांच्या वर आकाशातच रेंगाळतो, त्याच्यामुळे तिथीचा नुसता गोंधळ.

आता मंगळ असलेली मुलगी. मंगळावर जन्मलेल्या बाळाच्या पत्रिकेत मंगळ मांडणार कुठल्या घरात, ते बाळ मंगळावरच रांगतंय. तिथून आपली पृथ्वी सूर्याच्या आसपास घुटमळणारी एक चांदणी दिसते, कधी पहाटे कधी तिन्हीसांजेला, आपल्याला शुक्र दिसतो तशी. तेव्हा माझं भाकीत असं की तिथले ज्योतिषी 'मुलीला कडक पृथ्वी आहे' म्हणून स्थळं परत पाठवणार आणि पृथ्वीची शांत करायला पुण्याहून गुरुजी मागवणार. मंगळाचं वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं, त्यामुळे दक्षिणा वार्षिक ठरवू नका, नुकसान होईल.

मी मराठी विकिपीडियावर जमेल तसं संपादन करतो. मंगळावर वस्ती झाली की तिथूनही करता येईल का? घरच्यांपासून तेवढाच लांब. – सदस्य, कोथरूड

माझा भाचा पण तुमच्यातलाच. रात्री दोनला त्याच्या खोलीत दिवा दिसला की त्याची आई समजते परीक्षा आहे, मला माहीत असतं की चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या चर्चेच्या पानावर, कुणीतरी कुणाशी तरी ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतंय. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, महाराष्ट्र दिनालाच, तेव्हा भांडण त्याच्या जन्मनक्षत्रात आहे असं आपलं मला वाटतं.

करता येईल संपादन, का नाही येणार. पण समजा तुम्ही मंगळावरून 'पुरणपोळी' उघडली आणि 'पुरण गुळाचंच' असं लिहून जतन करा दाबलं. तो बदल पृथ्वीवर पोचायला प्रकाशाच्या वेगाने गेला तरी कमीत कमी तीन मिनिटं आणि दोन्ही ग्रह एकमेकांपासून लांब असतील तेव्हा बावीस, आणि 'झालं हो जतन' हा निरोप परत यायला पुन्हा तेवढीच. तोवर इकडे कुणीतरी 'साखरेचंही असतं' लिहून वर तीन संदर्भ जोडलेले असतात. तुम्ही ते बघून भडकून उलटवणार, तो बदल पोचेपर्यंत इकडचा माणूस जेवून झोपलेला. एका पुरणपोळीवरून वाद मिटायला मंगळाचं एक वर्ष जाईल.

याच्यावर उपाय शोधणारे लोक आहेत हं, तोही पंचवीसेक वर्षांपासून. इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक, विंट सर्फ, १९९८च्या सुमारास नासाच्या लोकांबरोबर ग्रहाग्रहांमधल्या इंटरनेटच्या कामाला लागले. त्याचं तत्त्व मला वाचल्या वाचल्या कळलं कारण आपली एसटी हेच करत आलीय. मावशीने देवगडहून कंडक्टरकडे डबा दिला, कोल्हापूरला गाडी बदलायचीय, पुढची गाडी लागली नसेल तर डबा कंट्रोलरकडे पडून राहतो, लागली की पुढे जातो, हरवत नाही. इंटरनेटचा नेहमीचा कारभार फोनसारखा, समोरून लगेच हूं आलं नाही की त्याला वाटतं माणूस मेला. अंतराळात प्रत्येक यानाने, प्रत्येक उपग्रहाने निरोप जवळ ठेवून घ्यायचा आणि पुढचा भेटला की द्यायचा. डबाच.

आणि साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा सूर्य मधे येतो, तेव्हा दोनेक आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं बंदच ठेवतात. तेवढे दिवस चावडीवर शांतता. मी तर म्हणते त्या पंधरवड्याला सुट्टी जाहीर करा.

खरी पंचाईत पुढे आहे. मंगळावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या मराठी बाईवर तुम्ही तिथूनच लेख लिहाल आणि इकडचा प्रचालक, म्हणजे विकिपीडियाची राखण करणारा, त्याच्यावर 'संदर्भ हवा' अशी पाटी चिकटवेल. तुम्ही म्हणाल मी डोळ्यांनी बघितलं, शेजारीच राहते. तर ते चालत नाही! छापून आलेलं पाहिजे, आणि मंगळावर पेपर नाही. म्हणून माझं ठाम भाकीत, मंगळावर पाणी, प्राणवायू आणि बटाटे यांच्या मागोमाग चौथी गोष्ट निघणार ती साप्ताहिक, आणि ते काढणार मराठी माणूस, आणि पहिल्या वर्षातच त्याची वर्गणी थकणार.

परग्रहावरच्या लोकांना मराठी समजेल का? – वैतागलेला भाषाप्रेमी, बडोदा

समजेल न समजेल, ऐकायला तर मिळणारच आहे. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं सुटली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात ५५ भाषांमध्ये नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. आपल्या काही शाळांमधून मराठी हद्दपार होतेय आणि इकडे ती सगळे ग्रह ओलांडून गेलीसुद्धा, काय बोलायचं. त्याच तबकडीवर गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या बाई. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा तिसरा बाकसुद्धा गप्प व्हायचा.

आणि उत्तर आलंच तर ते कुठे ऐकू येईल माहितीय? नारायणगावला. तमाशाच्या पंढरीत. तिथून जवळच खोडदला आणि आजूबाजूच्या शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड अँटेना उभ्या आहेत, जीएमआरटी म्हणतात त्याला, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारी दुर्बीण. २०१६च्या ऑक्टोबरात युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं, पुढे ते बिचारं आपटलं, पण उतरतानाचा त्याचा बारीक आवाज पकडला तो या द्राक्षा-टोमॅटोच्या पट्ट्यातल्या अँटेनांनी. तेव्हा परग्रहवाल्यांचा पहिला फोन यायचा तो जुन्नर तालुक्यात येईल आणि पलीकडून विचारतील, ती भैरवी गाणारी बाई कुठे असते.

आता एआय सगळं लिहून देतो. मग विश्वकोश, विकिपीडिया यांची गरज काय? पन्नास वर्षांनी राहतील का? आणि तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं हे विकिपीडियावाले तेव्हा तरी मान्य करतील का? – अभिमानी वाचक, गिरगाव

दोन प्रश्न एका पाकिटात घातलेत, पोस्टाचा खर्च वाचवलात.

ज्ञानकोशकार केतकरांनी शंभरेक वर्षांपूर्वी लिमिटेड कंपनी काढून, तिचे भाग विकत हिंडून तेवीस खंड पुरे केले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश उभा केला, पहिला खंड १९७६ला आला आणि विसावा पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. मी मुलांना घेऊन वाईला गेले होते एकदा, मुलांना वाटलं होतं मोठं यंत्र असेल, तर टेबलं, कागद आणि मान खाली घालून बसलेली माणसं. एक मुलगा मला म्हणाला, बाई हे तर आपलंच स्टाफरूम.

यंत्राला लिहायला लावायचं तर ते आधीच झालंय. फिलिपीन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात ६० लाखांच्या घरात लेख आहेत, इंग्रजीच्या जवळपास जाणारा आकडा, आणि त्यातले जवळजवळ सगळे एका स्वीडिश माणसाच्या बॉटने, म्हणजे आपोआप लिहिणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमने, लिहिलेत. मराठी विकिपीडियावर बॉटला 'सांगकाम्या' म्हणतात, किती नेमका शब्द आहे बघा. सांगितलं तेवढं करतो. गावांची आणि किड्यांची नावं बरोबर मांडतो, पण वाचायला घरात कोण आहे हे त्याला ठाऊक नाही.

आणि यंत्रांनी एकमेकांचं वाचून लिहायला लागल्यावर काय होतं ते माणसांनी आधीच करून दाखवलंय. २००८ साली अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावर कोआटी या प्राण्याच्या लेखात लिहिलं की याला 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' पण म्हणतात. असं कुणीच म्हणत नव्हतं. पेपरवाल्यांनी ते उचललं, पुस्तकात आलं, आणि मग तेच पेपर विकिपीडियावर संदर्भ म्हणून लागले! आता म्हणतातच लोक. एका पोराच्या थापेला सहा वर्षांत बारसं, मुंज सगळं झालं. एआयला हे करायला सहा मिनिटं पुरतील, तेव्हा माझं भाकीत असं की २०७५मध्ये सगळ्यात जास्त पगार कुणाला असेल तर 'हे कुठून आणलंस' एवढंच विचारत बसणाऱ्या माणसाला. ही नोकरी माझ्या सासूबाई फुकट करायच्या.

म्हणूनच तळपद्यांचं. मला आवडेल हो खरं निघालं तर, मी पेढे वाटीन. पण १८९५च्या त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा अजून कुणी पुढे ठेवलेला नाही. आणि 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ज्या ग्रंथाचं नाव त्याच्याशी जोडतात त्यातली विमानं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी १९७४ साली तपासली, निष्कर्ष असा की ती उडण्यासारखी नाहीत. तुमच्या गिरगावातल्या एखाद्या माळ्यावर तेव्हाचा पेपर सापडला तर आधी मला फोन करा, नंतर विकिपीडियाला.

राहिला प्रश्न टिकण्याचा. २०१९च्या एप्रिलमध्ये इस्रायलचं एक यान चंद्रावर उतरताना आपटलं, त्यात निकेलच्या पातळ चकत्यांवर तीन कोटी पानं कोरून ठेवली होती आणि त्यात अख्खा इंग्रजी विकिपीडिया होता. म्हणजे सातवी बच्या आधी विकिपीडिया चंद्रावर, तोही तोंडावर पडून. शिवाय विकिपीडिया नावाचा एक लघुग्रहच आहे, २७४३०१ नंबरचा. युक्रेनमधल्या वेधशाळेत सापडला, २०१३ला नाव दिलं. त्याच्यावर कुणी 'संदर्भ हवा' लावलेला नाही अजून.

बाई, मी सहावीत आहे. २०७५मध्ये मी साठीच्या पुढे असेन. तुमची भाकितं तेव्हा तपासू का? तुम्हाला उत्तर कुठे पाठवू? – चिपळूण

तपास बाळा, अगदी लाल पेनाने तपास. जयंत नारळीकर सर होते ना, मुलं त्यांच्याकडे सही मागायला गेली की ते म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. तू तर न सांगताच पोस्टकार्ड पाठवलंस, तुला दहापैकी दहा.

फक्त हे पान फोनमध्ये फोटो काढून ठेवू नकोस आणि पेनड्राइव्हमध्ये तर नकोच, त्यातला चार्ज वर्षानुवर्षं पडून राहिला की उडून जातो. कात्री घे, कापून वहीत चिकटव, खळ लाव पण थोडीच, जास्त लावलीस तर झुरळं खातात, आणि वही आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेव. तिथे डांबराच्या गोळ्या असतातच. उत्तराचं म्हणशील तर तिसऱ्या बाकाचा पत्ता मी संपादकांकडे ठेवलाय, त्याचे पाच रुपये तेवढे त्याला दे.